मधातला माणूस

आमच्या संघात फुटबॉल खेळता येणारा एकही माणूस नव्हता. एवढी एक गोष्ट सोडली तर संघ चांगला होता. सगळे वेळेवर यायचे, सगळ्यांकडे बूट होते, आणि हरल्यावर भांडण न करता एकत्र चहा प्यायची पद्धत आम्ही पहिल्यापासून पाळली होती. मी कर्णधार होतो. कर्णधार म्हणजे शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना फोन करून "उद्या ये रे बाबा, नाटकं करू नकोस" असं सांगणारा माणूस. वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात बसून मी अठरा वर्षं लोकांची बोंबाबोंब ऐकतो आहे, त्यामुळे हे काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं.

फुटबॉल न येण्याचं कारण साधं होतं. आम्ही कबड्डीवाले. जोगेश्वरी पूर्वेला आमच्या इमारतींच्या मागे जो प्लॉट आहे, तिथे पूर्वी मातीचं मैदान होतं आणि त्यावर आमचं मंडळ कबड्डी खेळायचं. गिरणी बंद पडल्यावर माझे वडील एका सोसायटीत वॉचमन झाले, पण रविवारी सकाळी सात वाजता मैदानावर पाणी मारायला तेच हजर असायचे. मी दहा वर्षांचा असल्यापासून त्यांच्याबरोबर जात आलो. आता मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. मधल्या काळात लग्न झालं, मुलगी झाली, वडील गेले, पण रविवारी सकाळी सात ते आठ मी त्या प्लॉटवर नाही असं फार कमी वेळा झालं असेल.

मग त्या मातीवर हिरवं प्लास्टिकचं गवत आलं, भोवती जाळी आली आणि गेटला कुलूप आलं. इथे कबड्डी खेळता येणार नाही, पकडीत गवत उपटतं, असं आम्हाला सांगण्यात आलं. मी तिथल्या मॅनेजरशी अर्धा तास भांडलो. तो शांतपणे ऐकत होता. लोक भडकलेले असताना मी फोनवर ऐकतो तसाच, त्यामुळे आपलं काही होणार नाही हे मला दहाव्या मिनिटालाच कळलं होतं.

एक वाट मात्र होती. उपनगरातल्या आठ संघांची फुटबॉल लीग सुरू होत होती, एका बाजूला सात खेळाडू. लीगमध्ये आमच्या वस्तीचा संघ असेल, तर त्या संघाला रविवारी सकाळी सात ते आठ मैदान सरावाला मिळणार. "सात जण म्हणजे आपलाच खेळ की," आमचा गोलकीपर म्हणाला. तो माझा लहानपणापासूनचा दोस्त, मूळचा मालवणकडचा, रागावला की मालवणीत शिरणारा. त्याच्या त्या वाक्याची फळं आम्ही दोन वर्षं भोगली. कारण लीगचा दुसरा नियम असा होता की शेवटी येणारा संघ बाहेर, आणि त्याच्याबरोबर त्याचा रविवारचा तासही गेला. पहिल्या वर्षी एका संघाने मध्येच नाव काढून घेतलं म्हणून आम्ही वाचलो. मी सांगतोय ते दुसऱ्या वर्षाचं.

आम्ही फुटबॉल कसा खेळायचो हे ज्याने पाहिलं नाही त्याला पटणार नाही. आमचा डावा फॉरवर्ड मंडळाचा जुना चढाईपटू. त्याला बॉल मिळाला की तो एकटाच समोरच्यांच्या अंगणात घुसायचा आणि बाकीचे सहा जण आपापल्या जागी उभे राहून तो परत यायची वाट बघायचे. पंचवीस वर्षांची सवय. एक माणूस चढाईला गेला की बाकीच्यांनी त्याच्या मागे जायचं नसतं. आणि तो खरंच परत यायचा! दम संपत आला की बॉल घेऊन मध्यरेषेकडे वळायचा. एकदा पंचाने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचा हा प्लेअर पळताना काय पुटपुटतो?" मी सांगितलं, नामस्मरण करतो. तो कबड्डी-कबड्डी म्हणत होता.

आमचा उजवा बॅक म्हणजे कबड्डीतला कोपरा. धिप्पाड माणूस, दुधाची एजन्सी आहे, पहाटे चारला उठतो. पहिल्याच वर्षी त्याने अंधेरीच्या एका खेळाडूचा घोटा दोन्ही हातांनी पकडून त्याला जमिनीवर आणलं आणि गुण मिळाला म्हणून पंचाकडे बघत हात वर केला. आम्हाला पेनल्टी बसली. त्यानंतर मी त्याला सांगून ठेवलं की बॉल आला की काही विचार करू नकोस, फक्त लांब उडव. तेवढं तो करायचा. बॉल कधी जाळीवर, कधी जाळीबाहेरच्या रिक्षांवर, एकदा तर थेट आमच्याच बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत.

आणि मध्ये मी. मिडफिल्डर. बॉल जिथे जाईल तिथे मी पळायचो. बॅकच्या चुका निस्तरायला मागे, चढाईपटूच्या मदतीला पुढे, थ्रो घ्यायला बाजूला, आणि हे सगळं करताना तोंडाचा पट्टा चालू. मार, पळ, उडव, झोपलास काय! मला वाटायचं, संघ चालतोय तो माझ्या पळण्यावर. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मैदान दिसतं. बायको एकदा डबा भरता भरता म्हणाली, "तू मध्ये खेळतोस ना? मग मध्ये कधी दिसत का नाहीस?" मी म्हटलं, तुला फुटबॉलमधलं काय कळतं. ती म्हणाली, "काही नाही. पण मध्ये म्हणजे कुठे ते कळतं."

पहिले चार सामने आम्ही हरलो. सगळे सारखेच. पहिली दहा मिनिटं आम्ही वेड्यासारखे धावायचो, समोरचे गांगरायचे, मग आमचा दम जायचा आणि ते निवांतपणे गोल करायचे. माझी झोप उडाली. ऑफिसात फोनवर एक बाई म्हणाल्या की त्यांच्याकडे दोन तास लाइट नाही, तर मी म्हणालो, माझ्याकडे दोन महिने मिडफिल्ड नाही. सुपरवायझरने बोलावून घेतलं.

पाचव्या सामन्याला आमच्या एकाच्या घरी पूजा होती. बदली खेळाडू म्हणून कोणीतरी हवं होतं, तेव्हा गोलकीपरने तळमजल्यावरच्या नव्या भाडेकरूला आणलं. हा नागपूरकडचा, पस्तिशीचा, पोट किंचित सुटलेलं. एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. दिवसभर लोकांना "श्वास घ्या, रोखा, सोडा" सांगायची नोकरी. कामठीला होस्टेलात असताना फुटबॉल खेळलोय, म्हणाला.

"कुठे खेळतोस?" मी विचारलं.

"मधात."

आम्ही सगळे हसलो. "मधात? मग लोणच्यात कोण खेळतं?" बॅक म्हणाला. तोही हसला, पण दुसरा शब्द काही त्याने वापरला नाही. मध्ये मी होतो, म्हणून त्याला मी बाहेर बसवलं. दुसऱ्या अर्ध्यात माझ्या पोटरीत गोळा आला आणि मी लंगडत बाहेर आलो, तेव्हा नाइलाजाने त्याला आत पाठवला.

तो आत गेला आणि उभा राहिला. म्हणजे खरोखर उभा. आम्ही एका गोलने मागे, आणि हा माणूस मैदानाच्या मध्यावर बस स्टॉपवर असल्यासारखा इकडे बघतोय, तिकडे बघतोय. बॉल त्याच्याकडे आला तर त्याने त्यावर पाय ठेवला. पाय ठेवून मान वर केली! बाकावरून मी ओरडलो, "अरे पळ ना! काय फोटो काढतोयस?" त्याने बॉल तीन फुटांवरच्या माणसाला दिला आणि पुन्हा उभा राहिला.

मग त्याने घाण केली. आमच्या बॅककडे बॉल आला. आजूबाजूला कोणी नव्हतं, समोरचा सगळ्यात जवळचा माणूस पंधरा पावलांवर. मधातला ओरडला, "टाइम! टाइम!" आणि बॅकने जीव खाऊन बॉल बाहेर मारला. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. बॅककडे बॉल, हा ओरडतो "टाइम!", बॉल रिक्षांवर. तिसऱ्यांदा तर बॅकने घाईत असा मारला की तो समोरच्याच्या छातीवर आदळून आमच्या गोलात गेला. सामना गेला. मधातला दोन्ही हात पसरून बॅककडे बघत होता आणि बॅक त्याला शिव्या घालत होता, "तू टाइम टाइम करून डोक्याची मंडई केलीस माझ्या!"

चहाच्या टपरीवर उलगडा झाला. "भाऊ, मी त सांगूनच राहिलो होतो का टाइम आहे," मधातला कळवळून म्हणाला. "कोणी येऊन नाही राहिलं तुमच्यावर, आरामात घ्या. टाइम म्हणजे टाइम आहे ना तुमच्यापाशी!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कबड्डीत चढाईला तीस सेकंद मिळतात. ती संपत आली की आमच्या मंडळात बाहेर बसलेले सगळे एकच शब्द ओरडतात, टाइम! म्हणजे वेळ संपली, जे करायचं ते आत्ता कर, घुस, मर. पंचवीस वर्षं तो शब्द कानावर पडला की आमच्या पायांनी घाई केली होती. आणि हा नागपूरचा माणूस तोच शब्द ओरडून आम्हाला सांगत होता की सावकाश.

बॅक हसून हसून लाल झाला. गोलकीपरने कपाळावर हात मारला. मला मात्र हसू आलं नाही. मला त्या माणसाचा राग आला, आणि खरं सांगायचं तर कारण मला तेव्हाही ठाऊक होतं. सामना हरलो तरी तो आत असतानाची ती वीस मिनिटं समोरचे नेहमीसारखे आमच्या अंगावर आले नव्हते. मी बाकावरून बघितलं होतं.

"आपण शब्द बदलू," मी म्हटलं. "तू दुसरं काहीतरी ओरड."

"नाही रे," बॅक म्हणाला. "शब्द राहू दे. झकास आहे. आपण अर्थ बदलू."

पुढच्या रविवारी सात वाजता त्यांनी खरंच तेच केलं. मधातला उभा राहून ओरडायचा, टाइम, आणि बॅकने बॉलवर पाय ठेवून मनात तीनपर्यंत मोजायचं. पहिल्या दहा वेळा त्याने बॉल उडवलाच. पाय ऐकेचनात. मग मधातल्याच्या लक्षात आलं की हा माणूस बॉल आला की श्वासच रोखतो. "तुम्ही सगळेच रोखून राहिले," तो म्हणाला. "मी लोकांना एका सेकंदापुरता रोखायला लावतो, तरी ते घाबरतात. तुम्ही अख्खी मॅच रोखता. सोडा ना भाऊ, श्वास सोडा." चढाईपटूला त्याने सांगितलं की पुटपुटायचं तर पुटपुट, पण मधेच एकदा थांबून मागे बघ, मी असतो. मी कडेला उभा राहून बघत होतो. आपला रविवार, आपलं मैदान, वडिलांनी पाणी मारलेली जमीन त्या प्लास्टिकच्या खाली, आणि वर्ग घेतोय कोण, तर तीन महिन्यांपूर्वी राहायला आलेला भाडेकरू. माझ्या डोक्यात सणक गेली. मी म्हटलं, "झालं का एक्स-रे काढून? आता जरा धावूया." आणि सगळ्यांना मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या.

सहावा सामना मुलुंडशी. सुरुवातीला मध्ये मीच. मध्यंतराला आम्ही दोन गोलांनी मागे होतो आणि मी कमरेवर हात ठेवून धापा टाकत होतो. पुन्हा आत जायला निघालो तेव्हा गोलकीपरने माझा टी-शर्ट मागून धरला.

"तू जरा बस मा आता," तो म्हणाला. "तुझो दम गेलो."

कबड्डीत दम गेला म्हणजे चढाईपटू बाद. हा शब्द त्याने मुद्दाम वापरला की सहज, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. मी बसलो.

पुढे जे झालं ते मी नीट सांगणार आहे, कारण त्या वेळी मी ते दात ओठ खात बघितलं होतं. मधातला आत गेला आणि पाच मिनिटांत खेळाची चाल बदलली. तो पळाला नाही. तो फक्त अशा जागी उभा राहायचा की ज्याच्याकडे बॉल असेल त्याला तो दिसलाच पाहिजे. बॅककडे बॉल आला की टाइम, बॅक थांबला, मान वर केली, तर समोर मधातला. चढाईपटू घुसला, दम संपत आला, सवयीने मागे वळला, तर मागे मधातला. त्याला बॉल देऊन तो मोकळा, आणि मोकळा झाला म्हणून पुन्हा पुढे घुसू शकत होता. जी सवय मी दोन वर्षं शिव्या घालून मोडायला बघत होतो, तीच याने कामाला लावली. आमचे लोक घाई करेनासे झाले आणि गंमत म्हणजे मुलुंडवाले घाई करायला लागले. आमच्याकडे बॉल आहे आणि आम्ही तो फेकत नाही, हे त्यांना सहन होईना. ते पुढे धावत आले आणि मागे रिकामी जागा सोडून आले. चढाईपटूने दोन्ही गोल तिथून केले. बरोबरी झाली. आमचा वर्षातला पहिला गुण.

सगळे नाचत होते. मीही नाचलो, कर्णधार होतो. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "तो कोण रे नवीन? बरा खेळतो. मध्येच असतो." मी जेवलो नाही. भूक नाही म्हटलं. मला हेवा वाटत होता, सरळ साधा हेवा, शाळेत शेजारच्याला जास्त मार्क पडल्यावर वाटायचा तसा.

शेवटचा सामना बोरीवलीच्या सोसायटीवाल्यांशी, आमच्याच मैदानावर. मुलुंडच्या संघाचे सगळे सामने संपले होते आणि त्यांचाही आमच्याविरुद्ध मिळालेला तो एकच गुण होता. आम्ही बरोबरी केली तरी वाचत होतो. हरलो तर मुलुंडने आमच्यापेक्षा कमी गोल खाल्ले होते, म्हणून बाहेर आम्ही. म्हणजे रविवारचा तास गेला. शनिवारभर मला त्या तासाखेरीज काही सुचत नव्हतं. आता तिथे नुसतं जाऊन उभं राहू असंही नव्हतं, गेटला कुलूप होतं. फुटबॉल गेला असता तर मला काडीचंही वाईट वाटलं नसतं. पण सकाळी सात वाजता खिडकीतून ती जमीन बघत चहा प्यायचा आणि खाली जायचं नाही, हे मला जमणार नव्हतं.

कोण खेळणार ते मीच ठरवायचं होतं. मी माझं नाव पहिल्या सातांत घेतलं. गोलकीपरने माझ्याकडे नुसतं बघितलं. "मध्यंतरापर्यंत," मी म्हटलं. मधातला बूट बांधत होता. "बरोबर आहे भाऊ," तो म्हणाला, "मी आहेच." तो असा समजूतदारपणे वागला की मला आणखी चिडायला जागा राहिली नाही, त्याचीही मला चीड आली.

मध्यंतराला एका गोलने मागे. माझ्यामुळे, असं मी म्हणत नाही. पण तो गोल झाला तेव्हा मी डाव्या कोपऱ्यात थ्रो घ्यायला गेलो होतो आणि मध्ये कोणी नव्हतं. मी बाहेर आलो आणि मधातला आत गेला.

बरोबरी व्हायला फार वेळ लागला नाही. बॅककडून मधातल्याकडे, मधातल्याकडून चढाईपटूकडे, पुन्हा मागे, पुन्हा पुढे, आणि गोल. आता फक्त टिकायचं होतं. मी बाकावर मनगटावरचं घड्याळ बघत बसलो. बोरीवलीवाले चेकाळल्यासारखे चाल करून येत होते. शेवटची दोन मिनिटं उरली. मग एक. आणि तेव्हा आमच्या गोलपासून चार पावलांवर बॉल बॅकच्या पायाशी येऊन थांबला.

मी ताडकन उठलो आणि छाती फुटेपर्यंत ओरडलो, "टाइम! टाइम रे! टाइम!"

मला म्हणायचं होतं, वेळ संपत आली आहे, उडव तो बॉल, रिक्षांवर मार, गॅलरीत मार, नॅशनल पार्कात मार. पंचवीस वर्षं मी हा शब्द ज्या अर्थाने ओरडलो त्याच अर्थाने तो तोंडातून निघाला.

बॅकने श्वास सोडला. बॉलवर पाय ठेवला. मान वर केली.

बोरीवलीचा एक फॉरवर्ड सरळ त्याच्या दिशेने पळत येत होता. मी हात हलवतोय, तोंड उघडं, पण दुसरा शब्दच सापडेना. मंडळातल्या कुठल्याच माणसाला घाई करायला लावणारा दुसरा शब्द मला येत नव्हता! बॅक मनात मोजत होता, हे मला इथून दिसत होतं. एक. दोन. मैदानाच्या मध्यावर मधातल्याने माझ्याकडे एकदा बघितलं. मग तो पळाला. त्याला पळताना मी पहिल्यांदाच बघत होतो. तो बॅकच्या उजव्या हाताला आला, तिसऱ्या आकड्याला बॅकने बॉल त्याच्याकडे सरकवला, फॉरवर्ड रिकाम्या जागेवरून पुढे घसरत गेला, आणि मधातला बॉल घेऊन मोकळ्या बाजूला वळला. त्याने तो चढाईपटूला दिला. चढाईपटू समोरच्या कोपऱ्यात जाऊन बॉल पायात धरून उभा राहिला. शिट्टी वाजली.

सगळ्यात आधी माझ्याकडे कोण आलं असेल तर बॅक. त्याने मला उचललं. "काय ओरडलास यार! मी मारणारच होतो. मला कोणी दिसतच नव्हतं, डोळ्यांसमोर अंधार. तू म्हणालास टाइम आहे म्हणून थांबलो. नाहीतर वाट लागली होती. मी मारला असता तर तो सरळ त्याच्या अंगावर बसला असता, गेल्या वेळेसारखा." गोलकीपरने माझ्या पाठीत धपाटा घातला. "एवढ्या गोंधळात तुझं टाळकं थंड होतं, मानलं बुवा." चढाईपटूही तेच म्हणाला. टपरीवर सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मी चहा पीत राहिलो आणि एका शब्दाने त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

निघताना मधातला माझ्याबरोबर चालत आला. जिन्यापाशी थांबून हळूच म्हणाला, "भाऊ, तुम्ही टाइम संपला म्हणून ओरडून राहिले होते ना?"

"हो," मी म्हटलं.

"मला समजलं होतं. म्हणून पळालो." तो हसला. "सांगत नाही कोणाला."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. मला लाज वाटली, आणि हायसं वाटलं, दोन्ही एकदम. संघातला माझ्या जागेवर खेळणारा माणूस माझं गुपित घेऊन त्याच्या घरात शिरला आणि मी दोन मजले चढून माझ्या घरी आलो. बायको खिडकीशीच होती. म्हणाली, "शेवटी तू काहीतरी बरोबर सांगितलंस वाटतं, सगळे तुलाच मिठ्या मारत होते." मी हात धुवायला गेलो.

पुढच्या रविवारी सात वाजता गेट उघडलं. आमचाच तास. सरावाला दोन बाजू पाडल्या, आम्ही पंधरा जण आलो होतो, म्हणून एक जण जास्त होत होता. मधातल्याने बॉल बगलेत धरून मला विचारलं, "तुम्ही येता का मधात? मी बसतो थोडा वेळ."

सगळे माझ्याकडे बघत होते. "तू जा," मी म्हटलं. "मला टाइम आहे."

तो आत गेला. मी जाळीला टेकून बसलो. खोटं बोललो होतो. आठ वाजायला चाळीस मिनिटं होती, मला खेळायचं होतं, आणि मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होतो. बॅककडे बॉल आला. त्याने मान वर करून आधी माझ्याकडे बघितलं.

"टाइम," मी म्हटलं, या वेळी न ओरडता, आणि त्याने बॉलवर पाय ठेवला.